गूगल शीटचं कनेक्शन पुन्हा पुन्हा तुटतंय? एरर नंतर वाचा, आधी तारखा बघा

सकाळचे सव्वानऊ. नागपुरात, धरमपेठेतल्या टपरीवर तर्री-पोह्यांची प्लेट नुकतीच हातात आली होती आणि फोन वाजला. मुनीमजी. "भाऊ, स्क्रीनवर परवाचाच आकडा दिसून राहिला. सेठ कळमन्याला निघाले, त्यांना काय सांगू मी?"

संत्र्याच्या गेल्या आंबिया हंगामात हा फोन मला किती वेळा आला, ते मी मोजलं नव्हतं. मुनीमजींनी मोजलं होतं, आणि शेवटी त्यांच्या मोजण्यातूनच उत्तर निघालं. म्हणून ही पोस्ट. तुमचं डेटा टूल गूगल शीटला, ड्राइव्हला किंवा मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटला जोडलेलं असेल आणि ते "अधूनमधून, उगाचच" तुटत असेल, तर ते उगाचच तुटत नाहीये. त्याला ठरलेला ताल असतो, आणि तो सापडला की निम्मं काम झालं.

आधी मांडणी सांगतो. संत्र्याचा व्यापार. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात खरेदीची केंद्रं. प्रत्येक केंद्रावरचा पोरगा मोबाइलवरच गूगल शीटमध्ये नोंद करतो: बागायतदार, क्रेट, वजन, प्रत, भाव. रात्री साडेअकराला आमच्या भाड्याच्या सर्व्हरवर बसवलेलं एनएटएन (n8n, ठरलेली कामं आपोआप चालवणारं टूल) सगळ्या शीट वाचतं आणि पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये भरतं. सकाळी सेठजींच्या टॅबलेटवर केंद्रनिहाय बेरीज. यात भारी काहीच नाही, नागपुरात असे डझनावारी सेटअप असतील. तुमच्याकडे एनएटएनऐवजी एअरबाइटसारखं दुसरं टूल असेल किंवा स्वतः लिहिलेली पायथन स्क्रिप्ट असेल, तरी पुढचं बरंचसं तसंच लागू पडेल, कारण टोकन (प्रवेशाचा डिजिटल पास), कोटा (विनंत्यांची मर्यादा), परवानगी हे नियम गूगलच्या बाजूचे आहेत.

एरर दरवेळी एकच: "इनव्हॅलिड ग्रँट". त्याच्या पुढे लिहिलेलं असतं की टोकनची मुदत संपली आहे किंवा ते रद्द झालं आहे. "किंवा" या शब्दाने माझे तीन आठवडे खाल्ले. मी काय करायचो, तर क्रेडेन्शियल (टूलमध्ये साठवलेली लॉगिनची माहिती) उघडायचं, "साइन इन विथ गूगल" दाबायचं, हिरवी खूण आली की वर्कफ्लो (टूलमधली कामांची साखळी) हाताने चालवायचा. दोन मिनिटांचं काम. पोहे गार होण्याआधी संपायचं, म्हणूनच मूळ दुखण्याकडे बघायची कधी गरजच वाटली नाही.

चौथ्यांदा मी वैतागून त्यांच्या गोदामावरच गेलो. मुनीमजींच्या गादीमागे भिंतीवर कॅलेंडर, आणि ऑक्टोबरच्या पानावर लाल पेनाने चार गोल: ३, ११, १९, २८. "हे काय?" म्हटलं. "तुला फोन केला ते दिवस," ते म्हणाले, "महिन्याच्या बिलात धरायचे की नाही, ते ठरवायला ठेवले."

फरक बघा: आठ, आठ, नऊ. मी इतके दिवस वार बघत होतो. एकदा गुरुवार, एकदा शुक्रवार, एकदा शनिवार, मग सोमवार. वारांत काही सूत्र दिसत नव्हतं म्हणून मी नेटवर्कला, सर्व्हरच्या मेमरीला, बिचाऱ्या ब्रॉडबँडवाल्यालाही दोष देऊन झालो होतो. पण वार सरकत होता तो माझ्यामुळेच. ३ तारखेला सकाळी साडेनऊला मी पुन्हा जोडलं. टोकन सात दिवसांचं, म्हणजे १० तारखेला सकाळी साडेनऊला मेलं. दिवसभर कुणाला कळलं नाही, कारण वर्कफ्लो रात्री चालतो. १० च्या रात्री तो पडला, ११ च्या सकाळी मुनीमजींचा फोन. मी ११ ला जोडलं, की पुढचा गोल १९ ला. त्यानंतर २७ ला यायला हवा होता, पण २७ ला रविवार, गोदाम बंद, म्हणून २८. टोकन सात दिवसांचं, गोल आठ दिवसांनी. फक्त एरर वाचत बसलो असतो तर हे सात दिवस मला कधीच दिसले नसते.

सात दिवस कुठून आले

कळमन्याच्या बाजारात जाणाऱ्याला समजेल असं सांगतो. गूगल दोन कागद देतं. एक गेटपास, म्हणजे ॲक्सेस टोकन. हा साधारण तासाभराचा असतो. दुसरा परवाना, म्हणजे रिफ्रेश टोकन. तो दाखवला की नवा गेटपास मिळतो, पुन्हा पासवर्ड विचारत नाहीत. टूल दर रात्री परवाना दाखवतं, गेटपास घेतं आणि शीट वाचून येतं. परवानाच बाद झाला की "इनव्हॅलिड ग्रँट".

आता परवाना सातच दिवसांचा का? स्वतःच्या सर्व्हरवर टूल बसवलं की ओऑथ क्लायंट (पासवर्ड न घेता परवानगी मागणाऱ्या ॲपची नोंदणी) आपणच गूगल क्लाउड कन्सोलमध्ये बनवतो. तिथे कन्सेंट स्क्रीनची (संमती मागणाऱ्या पानाची) दोन सेटिंग असतात: ॲप कोणासाठी, "इंटर्नल" की "एक्स्टर्नल", आणि त्याची अवस्था, "टेस्टिंग" की "इन प्रॉडक्शन". ॲप एक्स्टर्नल आणि टेस्टिंगमध्ये असेल, तर गूगल जे रिफ्रेश टोकन देतं ते सात दिवसांनी संपतं. हे त्यांच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. फक्त नाव, ईमेल आणि प्रोफाइल मागणाऱ्या ॲपला एवढी सूट आहे. शीट वाचायची म्हटली की नाही. आणि ट्यूटोरियल बघून बनवलेला जवळपास प्रत्येक क्लायंट याच अवस्थेत राहतो, कारण व्हिडिओ "कनेक्टेड" दिसल्यावर संपतो आणि सात दिवस थांबून पुढे काय झालं ते कोणी दाखवत नाही. माझाही तसाच राहिला होता. चूक माझीच.

बघायचं कुठे: कन्सोलमध्ये तुमचा प्रोजेक्ट निवडा, ओऑथच्या भागात "ऑडियन्स" नावाचं पान आहे. जुन्या मांडणीत हेच सगळं "ओऑथ कन्सेंट स्क्रीन" या एका पानावर असायचं, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून शोधत बसू नका. तिथे "पब्लिशिंग स्टेटस: टेस्टिंग" दिसलं, की चोर सापडला.

आता दुरुस्ती

रस्ते तीन आहेत आणि तुमच्याकडे कोणतं अकाउंट आहे त्यावर निवड ठरते.

कंपनीचं गूगल वर्कस्पेस असेल आणि क्लाउड प्रोजेक्टही त्याच संस्थेखाली असेल, तर "इंटर्नल" करा. सात दिवसांची अट गेली, पडताळणीची भानगड नाही. विषय संपला.

साधं जीमेल असेल तर "पब्लिश ॲप" दाबून प्रॉडक्शनमध्ये न्या. लोक इथे घाबरतात, कारण गूगल पडताळणीबद्दल बोलायला लागतं. ॲप फक्त तुम्हीच वापरणार असाल तर पडताळणी न करताही काम होतं; जोडताना "गूगलने हे ॲप तपासलेलं नाही" अशी पाटी येते, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन पुढे जायचं. अशा न तपासलेल्या ॲपला शंभर वापरकर्त्यांची मर्यादा असते. तीन माणसांच्या गोदामाला ती पुरून उरते. एक गोष्ट मात्र विसरू नका: पब्लिश केल्यावर एकदा पुन्हा जोडावं लागतं. टेस्टिंगमध्ये असताना मिळालेला जुना परवाना जुन्याच मुदतीने मरतो. पब्लिश करून निवांत बसलात आणि पाचव्या दिवशी पुन्हा तुटलं, तर "उपाय चाललाच नाही" म्हणून परत फिरू नका.

तिसरा रस्ता सर्व्हिस अकाउंटचा. आम्ही हाच घेतला, आणि कारण टोकन नव्हतं, माणूस होता. आधीचं कनेक्शन आमच्याकडच्या एका पोराच्या जीमेलवर होतं. तो दिवाळीनंतर पुण्याला जाणार हे आम्हाला माहीत होतं. त्याने जाताना "थर्ड पार्टी ॲक्सेस" साफ केला असता, तर कनेक्शन त्याच क्षणी गेलं असतं. वर्कस्पेसमध्ये नोकरी सोडणाऱ्याचं अकाउंट बंद होतं, तेव्हाही हेच होतं. तुमच्याकडे "माणूस गेला की तुटतं" असा ताल असेल, तर उपाय हाच.

सर्व्हिस अकाउंट म्हणजे माणूस नसलेलं खातं. त्याला स्वतःचा ईमेल असतो, शेवट "जीसर्व्हिसअकाउंट डॉट कॉम" असा. शीट ज्या फोल्डरमध्ये आहेत तो फोल्डर या ईमेलबरोबर शेअर करायचा, जसा आपण सहकाऱ्याबरोबर करतो तसाच. फक्त वाचायचं असेल तर "व्ह्यूअर" पुरेसं आहे. उगाच "एडिटर" देऊ नका. कन्सोलमधून या खात्याची किल्ली जेसॉन प्रकारच्या फाइलमध्ये उतरवून घ्यायची आणि टूलमध्ये भरायची.

इथे चार ठिकाणी लोक अडकतात, मीही त्यातल्या दोन ठिकाणी अडकलो.

पहिलं, किल्लीच तयार होत नाही. गूगल क्लाउडवर ३ मे २०२४ किंवा त्यानंतर बनलेल्या संस्थांमध्ये सर्व्हिस अकाउंटची किल्ली बनवायला मूळ धोरणातच बंदी असते. ॲडमिनला सांगून त्या प्रोजेक्टपुरती ती काढून घ्यावी लागते.

दुसरं, किल्ली आहे पण टूल म्हणतं चुकीची आहे. जेसॉनमधल्या खाजगी किल्लीत ओळी तोडणाऱ्या खुणा असतात, उलटी तिरपी रेघ आणि एन. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली, वर्डमध्ये चिकटवून ठेवलेली किल्ली या खुणा बिघडवते. फाइल नोटपॅडमध्ये उघडून तिथूनच कॉपी करा. आणि हो, किल्ली व्हॉट्सॲपवरून पाठवूच नका.

तिसरं, सगळं बरोबर आहे पण ४०४ येतो, फाइल सापडत नाही. फाइल तर डोळ्यासमोर उघडी आहे! ड्राइव्हचा एपीआय (टूल ज्या दारातून डेटा मागतं ते) परवानगी नसलेल्या फाइलला "नाही" म्हणत नाही, "अशी फाइलच नाही" म्हणतो. शीट्सचा एपीआय त्याच परिस्थितीत ४०३ देतो. दोन्हींचा अर्थ एकच: शेअर करायचं राहिलं. आणखी एक ४०३ असतो, ज्यात "हा एपीआय या प्रोजेक्टमध्ये सुरू नाही" असं लिहिलेलं असतं. तेव्हा शीट्स एपीआय आणि ड्राइव्ह एपीआय दोन्ही कन्सोलमधून सुरू करा. लोक एकच सुरू करतात.

चौथं, शेअर करायला गेलं तर वर्कस्पेसच अडवतं. सर्व्हिस अकाउंटचा ईमेल तुमच्या डोमेनबाहेरचा धरला जातो, म्हणून बाहेर शेअर करायला बंदी असेल तर तोही अडतो. हे ॲडमिनशी बोलूनच सुटतं, आडवाटेने जाऊ नका.

तुमचा ताल वेगळा असेल तर

तासाभराने तुटत असेल, तर परवाना मुळात मिळालेलाच नाही; टूल फक्त गेटपासवर चाललंय. स्वतः स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना हे हमखास होतं. परवानगी मागताना "ऑफलाइन" प्रवेश मागावा लागतो. वर एक खोच आहे: रिफ्रेश टोकन पहिल्याच संमतीच्या वेळी मिळतं. तेव्हा जपून ठेवलं नाही, तर दुसऱ्यांदा संमती घेताना ती मुद्दाम पुन्हा विचारायला लावावी लागते, नाहीतर गूगल फक्त गेटपास देऊन वाटेला लावतं.

हंगामाच्या सुरुवातीला तुटत असेल, तर सहा महिने मोजा. रिफ्रेश टोकन सहा महिने वापरलंच नाही तर बाद होतं. संत्र्याच्या धंद्यात हे अगदी फिट बसतं: मृग बहाराचा माल एप्रिलपर्यंत संपला, सर्व्हरचं भाडं वाचवायला सगळं बंद केलं आणि ऑक्टोबर उजाडल्यावर सुरू केलं. काही बदललं नाही, तरी जोडणी मेलेली. माझ्या ओळखीतल्या एकाने यावर उन्हाळ्यातही आठवड्यातून एकदा रिकामा वर्कफ्लो चालू ठेवला. चालतं, पण सर्व्हिस अकाउंट अधिक बरं.

अपडेट केल्यावर दरवेळी तुटत असेल, तर गूगलला हात लावू नका. एनएटएन क्रेडेन्शियल एका किल्लीने कुलूपबंद करून ठेवतं. कंटेनर (ज्या डब्यात टूल चालतं तो) नव्याने उभारताना जुना व्हॉल्यूम (त्याची साठवणीची जागा) जोडला नाही आणि किल्ली एन्व्हायर्नमेंटमध्ये (सर्व्हरवरच्या सेटिंगमध्ये) दिलेली नाही, तर ते नवी किल्ली बनवतं आणि जुनी क्रेडेन्शियल उघडता येत नाहीत. एन्क्रिप्शन किल्ली एकदा ठरवून द्या आणि बॅकअपमध्ये ठेवा.

मार्च आणि नोव्हेंबरमध्ये वेळ एका तासाने सरकत असेल, तर हसा आधी, मग टाइमझोन बघा. स्वतः बसवलेल्या एनएटएनचा मूळ टाइमझोन न्यूयॉर्कचा असतो. एका दुकानात रात्री साडेअकराला लावलेलं काम सकाळी ९ वाजता चालायचं, आणि मालकाला वाटायचं सर्व्हर हळू आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं मागे गेली आणि काम सकाळी १० ला चालायला लागलं. आपल्याकडे घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. सेटिंगमध्ये आशिया/कोलकाता लिहा. आणि डेटाबेसमध्ये तारीख यूटीसीने (जागतिक प्रमाणवेळेने) जात असेल, तर पहाटे साडेपाचच्या आतल्या नोंदी आदल्या दिवशी जमा होतात हेही लक्षात असू द्या. पहाटे माल तोलणाऱ्यांना याचा फटका बसतोच.

धावपळीच्या दिवसांतच तुटत असेल आणि एरर ४२९ असेल, तर तो कोटा. शीट्स एपीआयला प्रोजेक्टमागे मिनिटाला ३०० वाचनं आणि एका वापरकर्त्यामागे ६० अशी मर्यादा आहे. सर्व्हिस अकाउंट म्हणजे एकच वापरकर्ता. आमची २४ केंद्रं, प्रत्येकी तीन टॅब (शीटची पानं): ७२ विनंत्या, एका दमात. साठाव्यानंतर दार बंद. एका शीटचे तिन्ही टॅब एकाच "बॅच गेट" विनंतीत घेतले, आकडा २४ वर आला. कोटा वाढवून मागायची वेळच आली नाही.

कनेक्शन हिरवं, आकडे चुकीचे

सर्व्हिस अकाउंट बसवलं ते ऑक्टोबरच्या शेवटी. मुनीमजींच्या नोव्हेंबरच्या पानावर एकही गोल नव्हता, १३ तारखेपर्यंत. १३ च्या रात्री वर्कफ्लो पडला, पण "इनव्हॅलिड ग्रँट" नव्हतं. तारखेच्या रकान्यात मजकूर आल्याची तक्रार पोस्टग्रेसने केली होती, आणि ती एकाच केंद्राच्या शीटवर.

ते केंद्र नवीन होतं. बाकी शीट जुन्या नमुन्याची कॉपी करून बनवलेल्या. ही तिथल्या पोराने आपल्या मोबाइलवरून नवी उघडली होती आणि त्याच्या अकाउंटची भाषा अमेरिकन इंग्रजी. शीटचा लोकॅल (कोणत्या देशाच्या पद्धतीने लिहायचं ते सेटिंग) अमेरिका, म्हणजे महिना आधी, दिवस नंतर. त्याने लिहिलेली ५/११ ही शीटसाठी ११ मे झाली. १ ते १२ तारखांपर्यंत, एक ११ सोडली तर, सगळ्या नोंदी चुपचाप वेगवेगळ्या महिन्यांत जाऊन बसल्या. केंद्र छोटं, बेरजेत कुणाला कमी दिसलं नाही. तेरावा महिना नसतो, म्हणून १३/११ आलं तेव्हा शीटने ते तारीख मानायलाच नकार दिला आणि साधा मजकूर म्हणून ठेवलं. तेव्हा कुठे आरडाओरडा झाला. दर महिन्याच्या १३ तारखेला काही बिघडत असेल, तर दुसरं काही तपासण्याआधी लोकॅल बघा.

नुसत्या नजरेनेही हे कळतं. शीटमध्ये खरी तारीख रकान्याच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या. त्या पोराची शीट मोठ्या स्क्रीनवर उघडली तेव्हा १२ तारखेपर्यंत सगळं उजवीकडे आणि १३ पासून डावीकडे, जणू कुणी फुटपट्टी ठेवून रेघ मारली होती.

फाइल मेनूतल्या सेटिंगमध्ये लोकॅल भारत केला की पुढच्या नोंदी सुधारतात. मागच्या नाहीत, ११ मे म्हणून साठवलेली तारीख ११ मेच राहते, फक्त दाखवायची पद्धत बदलते. त्यासाठी शेजारच्या रकान्यात डेट फॉर्म्युला लिहून महिन्याच्या जागी दिवस आणि दिवसाच्या जागी महिना टाकला, आणि १३ तारखेपासून पुढची हाताने पुन्हा लिहिली.

दुसरा किस्सा आमच्या भाषेचाच आहे. वरुड-मोर्शीकडच्या खरेदीच्या टॅबचं नाव "वऱ्हाड". एक दिवस टूल म्हणालं, रेंज समजली नाही, ४००. टॅब समोर दिसतोय, स्पेलिंग अक्षर न् अक्षर तेच. मांडवात वऱ्हाड येऊन बसलंय आणि भटजी म्हणतायत कुणी आलंच नाही. कोणीतरी टॅबचं नाव पुसून दुसऱ्या कीबोर्डवरून पुन्हा लिहिलं होतं. "ऱ्ह" दोन रस्त्यांनी लिहिता येतो. एकात नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक न दिसणारी जोडखूण, मग ह. स्क्रीनवर दोन्ही एकसारखे, कॉम्प्युटरसाठी दोन वेगळे शब्द. खात्री करायची असेल तर नाव एका रकान्यात चिकटवा आणि लेन (अक्षरं मोजणारा) फॉर्म्युला लावा: एकाचं उत्तर ६ येतं, दुसऱ्याचं ७. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर एकाच रूपात आणणं) लावूनही ही खूण जात नाही, मी करून पाहिलं. पक्का उपाय म्हणजे टॅब नावाने नव्हे, त्याच्या आयडीने निवडायचा. एनएटएनमध्ये तशी सोय आहे. ज्या टूलमध्ये नावच द्यावं लागतं, तिथे टॅबवरून नाव कॉपी करून चिकटवा, हाताने टाइप करू नका.

मराठी कीबोर्डवरून आलेले अंक हे त्याचंच भावंड. वजनाच्या रकान्यात "१२०" आलं तर पोस्टग्रेसचा अंकांचा रकाना ते घेत नाही. गंमत म्हणजे पायथन ते बिनतक्रार पूर्णांक म्हणून वाचतो. त्यामुळे मध्ये पायथनची एक पायरी असलेल्यांना हे कधी जाणवत नाही, आणि ती पायरी काढली की "कालपर्यंत तर चालत होतं" सुरू होतं. आम्ही भरतानाच मराठी अंक बदलून घेतो. केंद्रावरच्या पोरांना कीबोर्ड बदलायला सांगून पाहिलं होतं. दोन दिवस टिकलं.

आणि एक जाता जाता: कोणी एक्सेल फाइल ड्राइव्हवर चढवून तिथेच भरायला लागला, तर ती दिसते शीटसारखी, पण शीट्स एपीआय म्हणतो की या दस्तऐवजावर ही क्रिया चालत नाही. फाइलच्या नावापुढे एक्सएलएसएक्सचा छोटा बिल्ला दिसतो. "सेव्ह ॲज गूगल शीट्स" करा, आणि नव्या शीटचा आयडी टूलमध्ये टाका. आयडी बदललेला असतो, हे विसरायचं नाही.

शेअरपॉइंटवाल्यांसाठी थोडक्यात

नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रात काम करणारा एक मित्र हे वाचून म्हणेल, आमचं काय. त्यांचा ताल लांब असतो. मायक्रोसॉफ्टच्या ॲप नोंदणीत क्लायंट सीक्रेटची (म्हणजे ॲपच्या पासवर्डची) सुचवलेली मुदत १८० दिवस आणि पोर्टलमधून जास्तीत जास्त २४ महिने. म्हणजे सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी एका सकाळी सगळ्या पाइपलाइन (डेटा वाहून आणणाऱ्या जोडण्या) एकदम पडतात, आणि तोवर बनवणारा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. सीक्रेट बनवतानाच मुदतीच्या पंधरा दिवस आधीची आठवण दोन जणांच्या कॅलेंडरमध्ये टाका. तिथे जुन्या एसीएस (ॲक्सेस कंट्रोल सर्व्हिस) पद्धतीने टोकन घेणाऱ्या पाइपलाइन असतील तर त्या आधी शोधा. ती पद्धत पूर्ण बंद करण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. नव्या पद्धतीकडे जाताना "अनसपोर्टेड ॲप ओन्ली टोकन" असा ४०१ आला, तर गोंधळू नका: शेअरपॉइंटच्या स्वतःच्या एपीआयला ॲप म्हणून जायचं तर सीक्रेट चालत नाही, सर्टिफिकेट लागतं. मायक्रोसॉफ्टच्या ग्राफ एपीआयने गेलात तर सीक्रेटवरही भागतं. आणि यादीत ५,००० ओळी झाल्या की अचानक गाळणी चालेनाशी होते, ते व्ह्यूच्या मर्यादेमुळे. ज्या रकान्यावर गाळता त्याला वेळीच इंडेक्स द्या.

आमच्याकडे आता रात्री ११:४५ ला दुसरा एक छोटा वर्कफ्लो चालतो. तो गूगलला काही विचारत नाही, फक्त पोस्टग्रेसमध्ये आजच्या ओळी केंद्रनिहाय मोजतो. एखाद्या केंद्राच्या शून्य निघाल्या, किंवा कुठल्याही ओळीची तारीख उद्याच्या पुढची असली, तर मला मेसेज येतो. पहिल्या आठवड्यात त्याने तीनदा उठवलं. दोनदा केंद्र खरंच बंद होतं. तिसऱ्यांदा नरखेडच्या पोराने आख्खा टॅब "जुना" असं नाव देऊन बाजूला ठेवला होता आणि शेजारी नवा, कोरा, त्याच नावाचा टॅब बनवला होता. टूलमध्ये आयडी मात्र जुन्याच टॅबचा. तेवढं रात्रीच बदललं. सकाळी मुनीमजींना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "मग आज गोल करू का नको?"